पाळीत राबणाऱ्या माणसानं देवाचा वार कसा राखावा

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत मी १९ वर्षं टाइम ऑफिसात हजेरी सांभाळते. तीन कारखाने झाले. आधी मस्टर होतं, मग कार्ड आलं, आता थंब, म्हणजे अंगठा लावायची मशिन. कोण किती वाजता आत आलं, कुणाचा खाडा पडला, कुणी डबल मारली, म्हणजे लागोपाठ दोन पाळ्या केल्या, कुणाच्या सलग तीन डबल झाल्या, सगळं माझ्या टेबलावरून जातं. एखादा माणूस किती दमलाय हे त्याच्या घरच्यांच्या आधी मला आकड्यांत दिसतं.

आमच्या घरात माळ आहे. वडील माळकरी होते, माझ्याही गळ्यात आहे. त्यामुळं खिडकीपाशी येऊन लोक माझ्याशी दोन्ही विषय बोलतात. 'ताई, यंदा पंढरीला जायचं होतं, पण सुट्टी मिळंना.' 'मॅडम, आईनं कुलदैवताला जायला सांगितलंय, चार रविवार झाले, जमलंच नाही.' ज्यांना देवासाठी वेळ मिळत नाही, त्याच माणसांचा वेळ देवाच्या नावावर काढून घेतलेलाही मी पाहिलाय. म्हणून हे लिहिते आहे. पाळ्यांत काम करणाऱ्यानं, ठेकेदाराकडं असणाऱ्यानं आणि त्याच्या घरातल्या बाईनं आठवड्यातला एक वार आपल्या हातात कसा ठेवायचा, एवढंच यात आहे. सुरुवात देवापासून होत नाही, तासांपासून होते.

आधी तास लिहा

डब्याच्या पिशवीत मावेल अशी छोटी वही घ्या. मोबाइलवर लिहू नका. पुष्कळ ठिकाणी मोबाइल गेटवर जमा होतो, आणि बिघडला की सगळंच जातं. वहीत चार रकाने पाडा: तारीख, आत, बाहेर, आणि चौथा त्या दिवशी जे वेगळं घडलं त्यासाठी. 'जेवण पंधरा मिनिटांत उरकायला लावलं.' 'पाळी संपल्यावर गाडी भरायला थांबवलं, थंब आधीच घेतला होता.' असं साधं लिहायचं. नोंद गेटवर करा, सायकल किंवा गाडी काढायच्या आधी. घरी जाऊन लिहू म्हणणाऱ्याची वही चौथ्या दिवसापासून कोरी राहते, हे मी पुष्कळांचं पाहिलंय.

आता नियम. १९४८ च्या कारखाना कायद्यानं आठवड्याला ४८ तास ठरवले आणि त्यावरच्या कामाला दुप्पट दर ठरवला. सलग पाच तासांच्या पुढं काम घ्यायचं तर मध्ये निदान अर्धा तास विश्रांती, हेही त्यातच होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यावरून बाहेर पुष्कळ गोंधळ आहे. दिवसाच्या तासांची मांडणी सरकार मागं-पुढं करत राहील, म्हणून तुम्ही आठवड्याचा आकडा धरून चाला. ४८ तास आणि त्यापुढं दुप्पट, या दोन गोष्टी नव्या कायद्यातही आहेत.

हिशोब असा करायचा. समजा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १८,००० रुपये. महिन्याचे २६ दिवस, दिवसाला ८ तास, म्हणजे २०८ तास. १८,००० ला २०८ नं भागा: तासाला ८६ रुपये ५४ पैसे. ओटीचा, म्हणजे जादा तासांचा दर याच्या दुप्पट, म्हणजे १७३ रुपये ८ पैसे. महिन्यात ६० तास ओटी झाली असेल तर १०,३८५ रुपये व्हायला हवेत. पण 'आमच्याकडं सिंगलच असतंय' असं म्हणून हातात ५,१९२ पडतात.

इथं जरा थांबून बघा. ५,१९२ रुपये तुम्हाला दुप्पट दरानं ३० तासांत मिळाले असते. म्हणजे उरलेले ३० तास तुम्ही फुकट दिलेत. ३० तास म्हणजे जवळजवळ चार पाळ्या. महिन्यात रविवार चारच असतात. देवाला वेळ नाही, पोरांना वेळ नाही, असं जेव्हा आपण म्हणतो तेव्हा तो वेळ बहुतेक या आकड्यात अडकलेला असतो. हा हिशोब मी ज्यांना ज्यांना कागदावर करून दाखवला, ते पहिल्यांदा गप्प झाले. मग त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला.

कारखान्यात पूजा असेल तेव्हा

माझी स्वतःची वही कशी सुरू झाली ते सांगते. तेव्हा मी दुसऱ्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात होते. श्रावण होता. शुक्रवारी दुपारी वरून निरोप आला: रविवारी सत्यनारायण आहे, सगळ्यांनी सातला यायचं. मला वेगळं सांगितलं, 'मॅडम, थंबची मशिन बंद ठेवा. ती ड्युटी नाही, देवाचं काम आहे.'

रविवारी सकाळी ११२ माणसं आली. पूजेची वेळ साडेअकराची होती. सात ते अकरा त्या माणसांनी शेडच्या मागचं भंगार उचललं, कोअर शॉपची फरशी घासली, कंपाउंडच्या भिंतीला चुना दिला. मंगळवारी बाहेरच्या गिऱ्हाइकाचं ऑडिट होतं. पूजा पाऊण तास चालली. साहेब सपत्नीक पाटावर, मागं कंपनीचे टी-शर्ट घातलेली माणसं तीन रांगांत, आणि फोटोवाला सांगतोय, 'हात जोडा, इकडं बघा.' देव समोर होता आणि सगळ्यांना बाजूला बघायला सांगत होते. प्रसाद झाल्यावर अर्ध्या माणसांना तीन वाजेपर्यंत डिस्पॅचला लावलं.

तीर्थ द्यायला मी उभी होते. मोल्डिंगचे एक मामा रांगेत आले, माळकरी माणूस. त्यांची तिसरी पाळी सकाळी सातला सुटली होती, ते घरी गेलेच नव्हते. त्यांनी ओंजळ पुढं केली. वर्षानुवर्षं वाळू आणि उष्णता लागून त्यांची बोटं वाकडी झाली होती, ती एकमेकांना भिडत नव्हती. मी पळीनं घातलेलं तीर्थ बोटांच्या फटीतून खाली गेलं. त्यांनी ओला तळवाच डोक्याला लावला आणि हळू आवाजात विचारलं, 'ताई, आज आम्ही आलो होतो हे कुठं लिहिलंय का?'

लिहिलं नव्हतं. मीच मशिन बंद केली होती. त्या रात्री घरी बसून आठवून आठवून मी ११२ नावं वहीत उतरवली, येण्याची आणि जाण्याची वेळ घालून. पुढच्या महिन्यात युनियनच्या दोघांनी बदली सुट्टीचा विषय काढला तेव्हा 'कोण आलं होतं त्याचा पुरावा काय' असं विचारलं गेलं, आणि ती पानं पुढं ठेवता आली. प्रत्येकाला एक सुट्टी मिळाली. साप्ताहिक सुट्टीला काम घेतलं तर बदली सुट्टी त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत द्यावी लागते, हे लक्षात ठेवा. ती मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही.

तेव्हा पूजेला बोलावलं की आधी हे विचारून घ्या: थंब चालू असणार का? नाही आलो तर खाडा पडेल का, की कुणी मनात धरेल? पूजेशिवाय दुसरं काही काम आहे का? वर्गणी पगारातून परस्पर कापणार आहेत का? शेवटच्याला तर तुमच्या लेखी संमतीशिवाय हो म्हणूच नका. एकट्यानं विचारायला जड जातं, म्हणून तिघं-चौघं मिळून विचारा, आणि आवाज न चढवता विचारा. उत्तरं सरळ आली तर घरच्यांना घेऊन आनंदानं जा.

सरळ उत्तरं देणारी माणसंही आहेत. मिरजेच्या बाजूला एक लहान मशिन शॉप आहे, सगळी मिळून चौदा माणसं. तिथले मालक खंडेनवमीला कामाच्या वेळेतच दुपारी दोनला मशिनी बंद करतात. ज्याची मशिन तोच तिची पूजा करतो. लेथला गंध लावताना हेल्परच्या हाताखाली मालक उभा असतो, फुलाचं ताट धरून. पूर्ण दिवसाची हजेरी लागते. फोटो कुणी काढत नाही. मग सगळे जमिनीवर बसून जेवतात. मी एकदा गेले होते, तिथली शांतता मला अजून आठवते.

'काम हीच पूजा' हे वाक्य बोर्डावर लावलेलं तुम्ही पाहिलं असेल. ते ऐकताना मला अरणचे सावता महाराज आठवतात. ते कधी पंढरीला गेले नाहीत, विठ्ठलच त्यांच्या मळ्यात आला, असं आपल्याकडं सांगतात. पण तो मळा त्यांचा होता. पाणी कधी सोडायचं, बैल कधी सोडायचे आणि सावलीत कधी बसायचं, हे त्यांच्या हातात होतं. त्यांच्या कामात पूजा होती कारण त्यात त्यांची मर्जी होती. दुसऱ्यानं ठरवलेल्या डिस्पॅचच्या तारखेला पूजा म्हणायचं असेल तर ते ज्याचं त्यानं म्हणावं. माझ्या मनाला ते पटत नाही.

रविवार कुठून आला

हे पोरांना मुद्दाम सांगा. रविवारची सुट्टी कुणी दयेनं दिलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत माणसं उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबायची, आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. त्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि सुट्टीची मागणी लावून धरली. १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्या मागणीत एक कारण होतं ते आपल्या मातीतलं होतं: रविवार हा खंडोबाचा वार. सहा दिवस दुसऱ्यासाठी राबलेल्या माणसाला सातवा दिवस आपल्या देवासाठी, आपल्या माणसांसाठी मिळाला पाहिजे.

फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आपल्या शेजारच्या साताऱ्यातलं, खटाव तालुक्यातलं. पालचा खंडोबा कऱ्हाड तालुक्यात. म्हणजे ज्यांच्या चळवळीतून हा वार मिळाला त्यांचं गाव आणि हा वार ज्याचा आहे तो देव, दोन्ही आपल्या पाव दिवसाच्या अंतरावर. कुणी म्हणालं की देवधर्म आणि कामगारांचे हक्क यांचा काय संबंध, तर एवढं सांगा.

ज्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी किंवा सोमवारी असते (आपल्याकडं वीज आणि पाळ्यांप्रमाणं वार वेगळे असतात) त्यांनी तोच वार आपला मानावा. वार कोणता याला माझ्या मते फारसं महत्त्व नाही. तो ठरलेला असावा आणि घरातल्या सगळ्यांना तो पाठ असावा.

व्रत आणि पाळी एकत्र आली तर

नवरात्रात हा प्रश्न दरवर्षी येतो. दिवाळीच्या आधी माल काढायचा म्हणून ओटी वाढते, आणि नेमका तेव्हाच उपवास, अनवाणी चालणं, जागरण.

एक पोरगा होता, जतकडचा, ठेकेदाराकडं. नऊ दिवस अनवाणी आणि फक्त पाण्यावर. भट्टीच्या बाजूला काम. सहाव्या दिवशी फर्स्ट एडच्या पेटीसाठी माझ्याकडं आला. तळपाय वर करून दाखवला: उजव्या पायाला टाचेपाशी दोन फोड, एक फुटलेला, त्यात काळी वाळू बसलेली. मी कापूस भिजवून पुसत होते आणि तो दात आवळून दुसरीकडं बघत होता. बूट का नाही घातलेस विचारलं, तर म्हणाला, 'ताई, रोज स्टेटसला टाकलंय अनवाणी म्हणून. आता घातलं तर पोरं म्हणतील, मोडलं ह्यानं.'

मी त्याला विचारलं, 'देवीसाठी अनवाणी आहेस का पोरांसाठी?'

तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं दुखावला. दुसऱ्या दिवशी तो बूट घालून आत गेला आणि पाळी सुटल्यावर गेटबाहेर बूट पिशवीत घालून अनवाणी घरी गेला. स्टेटस बंद केलं होतं. मला तो पोरगा त्या दिवशी फार मोठा वाटला.

म्हणून माझं सांगणं असं. व्रत धरायच्या आधी पाळीचा तक्ता बघा. भट्टी, ग्राइंडिंग, प्रेस, उंचावरचं काम, यांवर असाल तर बूट, हेल्मेट, चष्मा यांना व्रतातून वगळा, आणि संकल्पाच्या वेळीच देवापुढं तसं बोला. गेटच्या आत अनवाणी नाही, गेटच्या बाहेर अनवाणी. निर्जळी मुळीच धरू नका, उष्णतेजवळ माणूस बघता बघता कोसळतो. राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाणे, केळं डब्यात असू द्या. उपवासाच्या दिवशी डबल मारू नका. सुपरवायझरला आधी सांगून ठेवा, लपवू नका. घरात कुणी ऐकत नसेल तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा. माझा अनुभव असा की सत्तरी ओलांडलेली आजी पटकन म्हणते, 'पोटापाण्याचं आधी, आईला सगळं कळतंय.' अडवणारी माणसं सहसा पस्तीस-चाळिशीतली असतात.

पेवाचं झाकण

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, हरिपूरला हळदीच्या पेवांवर हमाल होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार, तोंडाशी अरुंद आणि आत ऐसपैस, माणूस दोरानं उतरेल एवढं खोल. सांगलीच्या बाजारातली हळद वर्षानुवर्षं अशी ठेवायचे, कीड लागायची नाही. २००५ च्या पुरात पुष्कळ पेवं गेली.

पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं. आत हवा कोंडलेली असते. काही तास झाकण उघडं ठेवायचं, मग कंदील दोरानं खाली सोडून बघायचा. कंदील विझला तर उतरायचं नाही. हे सगळ्यांना माहीत असायचं, पण व्यापाऱ्याची गाडी उभी असली की घाई व्हायची. मी दहा-अकरा वर्षांची असेन, अप्पांचा डबा घेऊन गेले होते. ट्रक लागलेला, व्यापाऱ्याचा माणूस ओरडत होता, 'उतरा की, किती येळ!' एक तरणा हमाल कमरेला दोर बांधायला लागला. अप्पांनी त्याच्या हातातला दोर काढून घेतला. म्हणाले, 'उतरू नगंस. आधी त्येला श्वास घेऊ दे.' आणि पेवाच्या काठावर मांडी घालून बसले, डोळे मिटून नाम घ्यायला लागले. बाकीचेही बसले. व्यापाऱ्याचा माणूस बोलत राहिला, मग दमून गप्प बसला. हळदीनं पिवळे झालेले अप्पांचे हात गुडघ्यांवर होते. कुणाला दाखवायला ते बसले नव्हते. त्या घाईच्या आणि त्या पोराच्या मध्ये ते बसले होते.

मला भक्ती म्हटलं की ते बसणं आठवतं.

घरी त्यांचा एक नियम होता. पाठीवर पोतं असताना नाम घ्यायचं नाही. आई विचारायची, 'सगळे घेतात, तुम्ही का नाही?' तर म्हणायचे, 'पोत्याकडं अर्धं, द्येवाकडं अर्धं, असं केलं तर दोन्ही सांडतंय. खाली ठेवल्यावर घेईन की.' मोठी झाल्यावर मला याचा कामापुरता अर्थ लागला. ग्राइंडरवर हात असताना कानात भजन लावणाऱ्यांना मी हेच सांगते. मशिनवर असाल तेव्हा पूर्ण मशिनवर असा. आणि ती बंद झाली की पूर्ण बाहेर या.

सुट्टीच्या दिवसाचं तसंच करा. शनिवारी रात्री तिसरी पाळी करून रविवारी सकाळी आठला देवळाच्या रांगेत उभं राहू नका. आधी झोपा. सात-आठ तास, गजर न लावता. यात देवाचा काही अपमान नाही. उठल्यावर चहा घ्या, अंगण किंवा गच्ची असेल तर तिथं नुसते बसा. मोबाइल कपाटात ठेवा, सुपरवायझरचा फोन आला तर संध्याकाळी करतो म्हणून घरच्यांना सांगायला सांगा. डोक्यातला मशिनचा आवाज जायला वेळ लागतो. मला स्वतःला दुपारी दोन-तीनपर्यंत टेबलावरचे आकडे दिसत राहतात. ते गेले की मी हरिपूरला जाते. सांगलीहून चिंचेच्या झाडांचा रस्ता आहे, पुढं संगमेश्वराचं देऊळ, कृष्णा आणि वारणा जिथं मिळतात तो काठ. श्रावणी सोमवारी गर्दी असते, तेव्हा मी जात नाही. एरवी दुपारी तिथं मोजकी माणसं असतात. पायरीवर अर्धा तास बसते, माळ हातात घेऊन. कधी जप होतो, कधी होत नाही. फोटो काढत नाही, कारण काढायला लागले की कुठं टाकायचा हे डोक्यात येतं आणि बसणं तिथंच संपतं.

सांगलीच्या गणपतीला जाणारे, मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाणारे, चर्चला जाणारे, सगळे माझ्या रजिस्टरात आहेत. जागा तुमची तुम्ही ठरवा. घरापासून सायकलनं जाता येईल अशी असली तर बरं. लांबचं देवस्थान, भाड्याची गाडी, रात्रभर प्रवास आणि सोमवारी पहाटे परत पहिल्या पाळीला, यात तो वार उरत नाही. वर्षातून एकदा ठीक आहे.

घरातल्या बाईची पाळी

पुरुषाची ओटी निदान लिहिली तरी जाते. मी साडेपाचला उठते, डबे करते, साडेआठ ते सहा ऑफिस, मग परत स्वयंपाक. त्यात मार्गशीर्षातले गुरुवार. लग्नानंतर चौदा वर्षं मी ते चारही गुरुवार सगळं साग्रसंगीत केलं: घट, पाच पानं, नैवेद्याला पुरण, शेवटच्या गुरुवारी एकवीस बायकांना हळदीकुंकू आणि वाण. शेवटच्या वर्षी वाणाच्या डब्यांसाठी मी दोन रविवार ऑफिसात ओटी केली. त्या गुरुवारी रात्री साडेदहाला शेवटची बाई गेल्यावर मी देव्हाऱ्यासमोर बसले आणि माझ्या लक्षात आलं की चार आठवड्यांत मी देवीकडं एकदाही नीट बघितलंच नव्हतं. तिच्या साडीचा रंग कोणता, मला सांगता आला नसता.

दुसऱ्या वर्षी कार्तिकातच मी सासूबाईंशी बोलले. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. ऐन सणात बोलू नका, महिनाभर आधी बोला, आणि दोघीच असताना.

'आत्या, यंदा गुरुवार एकच करते, पहिला. पण दुपारी सुट्टी काढून, तुमच्यासोबत बसून करते.'

'आणि बायका काय म्हणतील गं? आपल्याकडं एकवीस असतात दरसाल.'

'म्हणू देत. मागल्या साली पोथी तुम्ही एकट्यानं वाचलीत. मी आत पुऱ्या तळत होते.'

त्या थोडा वेळ वाती वळत राहिल्या. मग म्हणाल्या, 'मला चष्म्यानं दिसत नाही नीट. तूच वाच यंदा.'

त्या वर्षी पाच शेजारणी आल्या. वाण म्हणून एकेक फळ दिलं. आत्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. बोलणारे बोलले, दोन वर्षांत विसरले.

काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवायला मी एक पद्धत वापरते. हे केलेलं कुणालाच कळणार नसेल, तरी मी करीन का? एकादशी मी करीन. रात्री झोपताना दहा मिनिटं नाम, करीन. एकवीस डबे, नाही. पुरुषांनी हेच मंडळाच्या वर्गणीला, रात्रभर साउंड सिस्टीमसमोर उभं राहण्याला, गाडीवर लावलेल्या देवाच्या नावाला लावून बघावं. उत्तर ज्याचं त्याचं वेगळं येईल. पैशाचंही असंच. यात्रेच्या वर्गणीसाठी सलग चार डबल मारणारा माणूस मला दरवर्षी दिसतो. त्याला एवढंच सांगते की झेपेल तेवढी दे, आणि यात्रेला स्वतः जा. वर्गणीची पावती गावात पोचते आणि माणूस भट्टीवर असतो, असं करू नकोस.

रजेचा अर्ज

वारी किंवा यात्रेला जायचं असेल तर रजा हक्कानं काढा. काम केलेल्या दर २० दिवसांमागं एक दिवस भरपगारी रजा बसते. २४० दिवस भरले असतील तर १२. ठेकेदाराकडच्या माणसालाही हा हिशोब लागू आहे, तो ठेकेदाराकडं मागायचा. शिल्लक किती ते टाइम ऑफिसात विचारा, सांगणं हे आमचं काम आहे.

आषाढीसाठी ज्येष्ठ लागला की अर्ज टाका, निदान पंधरा दिवस आधी. एका खात्यातल्या सगळ्यांनी एकदम टाकू नका, आपसात ठरवा: यंदा तू आषाढी, मी कार्तिकी. चौघांनी असं ठरवून आणलं की साहेबांनाही नाही म्हणायला कारण उरत नाही. मिरजेहून पंढरपूरला थेट रेल्वे आहे, पायी जमत नसेल तर दोन दिवसांतही दर्शन होतं. रांगेत वेळ फार जाणार असेल तर कळसाचं दर्शन घ्या. अप्पा कित्येकदा तेवढंच घेऊन आले.

मजकूर लहान ठेवा:

'आषाढी एकादशीनिमित्त दि. ... ते दि. ... अशी ... दिवसांची भरपगारी रजा मिळावी. माझी शिल्लक रजा ... दिवस आहे. माझ्या जागी ... यांनी काम पाहण्याचे मान्य केले आहे.'

खोटं आजारपण लिहू नका. देवाला जायला खोटं लिहिलेला अर्ज माझ्या टेबलावर येतो तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण त्या माणसाला खरं लिहायची भीती वाटली आहे. खरं लिहा. अर्ज दोन प्रतींत करा. एक द्या, दुसरीवर तारीख आणि सही घ्या. सही द्यायला कुणी का-कू केलं तर तिथंच उभं राहून वहीच्या चौथ्या रकान्यात लिहा: अर्ज कुणाला दिला, किती वाजता, शेजारी कोण होतं. रजा विनाकारण नाकारली, ओटी सिंगल दिली, बदली सुट्टी बुडवली, तर कामगार आयुक्त कार्यालयात जायचं असतं, आणि तिथं हीच वही कामी येते. सही झालेली प्रत घडी न घालता वहीच्या शेवटच्या पानाला टाचून ठेवा.